पुरे झाली बारशी!

बूटस्ट्रॅप, टेलविंड आणि तत्सम फ्रेमवर्कच्या समस्त निर्मात्यांस,
मु. पो. बेंगळुरू येथून एका मराठी फ्रंटएंडवाल्याचा सा. न. वि. वि.

सर्वप्रथम आपले आभार. आपण आहात म्हणून आमची चूल पेटते. २०११ च्या ऑगस्टमध्ये ट्विटरमधल्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांनी बूटस्ट्रॅप सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा काही भोळ्या जिवांना वाटलं, पानाची मांडणी एकदा शिकली की सुटलो. आपण तसं होऊ दिलं नाहीत. दुसऱ्या आवृत्तीतला 'स्पॅन६' हा रकाना २०१३ च्या तिसरीत 'कॉल-एमडी-६' झाला. 'आयएमजी-रिस्पॉन्सिव्ह'चं २०१८ च्या चौथीत 'आयएमजी-फ्लुइड' झालं. चित्र तेच, आकसतंही तेवढंच. पॅनल, वेल आणि थंबनेल ही नांदती घरं मोडून सगळ्यांना 'कार्ड'मध्ये कोंबलंत. २०२१ च्या पाचवीत 'डेटा-टॉगल'च्या मधोमध 'बीएस' घुसवलंत. जुनं नाव राहून गेलं तर मेनू उघडत नाही, आणि कन्सोलमध्ये चकार शब्द नाही. शोधा!

त्याच आवृत्तीत डाव्या-उजव्या मार्जिनच्या 'एमएल', 'एमआर'ची 'एमएस', 'एमई' झाली, म्हणजे लेफ्ट-राइट जाऊन स्टार्ट-एंड आले. त्यावर मात्र माझी तक्रार नाही. उर्दू, अरबी उजवीकडून सुरू होतात. इथल्या शिवाजीनगरात उर्दू पाटीखाली चहा पिणाऱ्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. कारण असेल तर शंभर फाइली बदलू, कुरकुर करत का होईना.

पण टेलविंडकारांनो, आपण तर कमाल केलीत. जानेवारी २०२५ च्या ४.० मध्ये 'शॅडो-एसएम'चं 'शॅडो-एक्सएस' केलंत, आणि रिकामं झालेलं 'शॅडो-एसएम' हे नाव साध्या 'शॅडो'ला देऊन टाकलंत. म्हणजे नाव जिवंत, बिऱ्हाड दुसऱ्याचं. नाव मोडलं तर निदान कळतं तरी. इथे सगळं चालतंय, फक्त सावली किंचित जाड. हे डोळ्यांनी पकडणारा टेस्टर अजून जन्माला यायचाय. शिवाय किनारीचा मूळचा फिका राखाडी रंग काढून तिथे मजकुराचाच रंग आणलात. ज्यांनी रंग वेगळा लिहिला नव्हता, त्यांच्या पानावरची एकूण एक चौकट वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेसारखी काळी. बदलासाठी आपण एक टूल दिलंत, ते बरंच काम करतंही. मात्र जे क्लास आम्ही तुकडे जोडून जावास्क्रिप्टमध्ये बनवतो, ते त्याला दिसत नाहीत.

आणि नावांचा हा संसर्ग आता ऑफिसात पसरलाय. परवा एका बटणापायी पीआर अडकला. 'बीटीएन-प्रायमरी' म्हणायचं की 'बीटीएन-ब्रँड'? एकाला यांडेक्सवाल्यांची बीईएम पद्धत हवी, तीही दोन अंडरस्कोर, दोन हायफनवाली. दुसऱ्याला एवढे हायफन पाहून घेरी येते. तिसऱ्याने जुन्या प्रोजेक्टमधलं 'बीटीएन-ब्लू' दाखवलं. क्लायंटने रंग बदलल्यापासून ते बटण भगवं आहे. तीन दिवस कॉमेंटींवर कॉमेंटी. शेवटी हुबळीचा सहकारी तोडक्या मराठीत म्हणाला, "गुरू, माणूस बटण दाबणार. त्याचं नाव कोण वाचणार?" तेवढ्यावर मर्ज झालं.

नावं बदलण्याला माझा विरोध असता तर मी या राज्यात राहिलोच नसतो. मी मूळचा बेळगावचा. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं सरकारी इंग्रजीत बदलली. बँगलोरचं बेंगळुरू, बेळगावचं बेळगावी. (या तारखेविषयी आमच्या गावात काय वाटतं, ते इथे नको.) पुढे बेंगळुरूच्या मुख्य स्टेशनला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांचं नाव मिळालं. पण तिकिटावरचा कोड? एसबीसी होता, एसबीसीच आहे. बेळगावचा बीजीएम तसाच, विमानतळाचा बीएलआरही. केंपेगौडा बसस्थानकाला तर अख्खं शहर आजही मॅजेस्टिक म्हणतं, आणि बस बरोबर तिथेच येते. पाटी बदला, पण आत जे जोडलेलं आहे त्याला हात लावू नका, एवढं इथे तरी रेल्वेला कळलं.

तेव्हा विनंती दोनच. नवं नाव ठेवा, पण जुनं निदान पुढच्या एका मोठ्या आवृत्तीपर्यंत सोबत चालू द्या, हवं तर कन्सोलमध्ये पिवळ्या अक्षरांत खडसावा. आणि एकाचं नाव काढून दुसऱ्याला देऊ नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
(तूर्तास) सीनियर फ्रंटएंड डेव्हलपर, एचएसआर लेआउट

ता. क. : हे लिहीत असतानाच टीमलीडचा मेसेज आला. फ्रेमवर्कची नवी आवृत्ती याच स्प्रिंटमध्ये घ्यायचीय. तिकिटावर लिहिलंय, 'छोटा बदल, अर्धा दिवस.'