अर्थिंगला एक बादली

संगणकाच्या खोक्यात एक माहितीपुस्तिका येते. ती कोणी वाचत नाही, हे ती लिहिणाऱ्यालाही ठाऊक असावं. पण तिच्या शेवटच्या पानांत कुठेतरी दडलेलं एक वाक्य यवतमाळकराने तरी एकदा वाचावं. यंत्र १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावे, असं तिथे लिहिलेलं असतं. पस्तीस! आमच्याकडे होळीची राख थंड व्हायच्या आत पारा पस्तीस ओलांडतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास मुक्कामाला असतो. त्या हिशेबाने जिल्ह्यातल्या सगळ्या संगणकांनी मार्च ते जून रजेवर जायला पाहिजे. ते जातातही. फक्त अर्ज देत नाहीत.

घरचा संगणक बिघडला तर काय करावं, याचे जे सल्ले मिळतात ते सगळे एसीत बसून दिलेले असतात. बंद करून पुन्हा सुरू करा, अमुक अपडेट करा, तमुक पुसून टाका. आमच्या संगणकांचे आजार निराळे. त्यांची कारणं पाच: ऊन, वीज, पाणी, कापूस आणि पाल. ही पाचही ज्याला कळतात तो खरा जाणकार, आणि असा जाणकार आमच्याकडे आहे. त्याला सगळं गाव 'कॉम्प्युटरवाला पोट्टा' म्हणतं. पोट्ट्याची चाळिशी झाली, त्याची स्वतःची दोन पोट्टी शाळेत जातात, पण कॉम्प्युटरवाला मात्र पोट्टाच. त्याला फोन केला की उत्तर ठरलेलं: "हा आलोच जी काका, दत्त चौकात हाय." तो दत्त चौकात आहे असं म्हणाला की दारव्ह्यात असतो. दारव्ह्यात आहे म्हणाला की फोन त्याच्या बायकोने उचललेला असतो.

तो येईपर्यंत शेजारी येतात. त्यांतले पहिले नायबसाहेब. महसूल खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण फाइल बघायची सवय गेलेली नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली निघालं, त्याची एमएस-सीआयटी परीक्षा पुढे सरकारी नोकरांच्या मागे लागली, आणि वेतनवाढ अडू नये म्हणून नायबसाहेब पन्नाशीत नातवाच्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसून ती पास झाले. त्या अभ्यासक्रमातला एकच इलाज त्यांच्या हातात राहिला: रिफ्रेश. संगणक सुरूच होत नसेल तरी ते विचारतात, "रिफ्रेश मारून पायलं काय?" रिफ्रेशने पडद्यावरची चित्रं पुन्हा एकदा काढली जातात, यापलीकडे काही होत नाही. पण ते बटण दाबताना त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही तृप्ती उमटते की अडवणं जिवावर येतं.

पोट्टा येतो, पाणी पितो आणि पहिला प्रश्न विचारतो, "आवाज कसा येऊन रायला होता?" डब्यातून टूं-टूं असा आवाज येत असेल तर तो पिशवीतून पांढरा खोडरबर काढतो. मग रॅमची पट्टी उपसून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासतो, फुंकर मारतो, पुन्हा बसवतो, आणि संगणक सुरू होतो. त्या दातांवर धूळ आणि गंज बसला की जोड सुटतो, तो खरडून काढायचा, इतकं साधं शास्त्र. पण आमच्या घरात त्यावरून दरवेळी वाद होतो. रबर घासायचे एवढे पैसे कशाचे, असं आमच्या हिचं म्हणणं. रबर तर आपल्याही घरात आहे. पोट्टा शांतपणे म्हणतो, "काकू, रबराचे नाई घेत जी. पट्टी सरळ बसवाचे घेतो." एकदा हिने स्वतः पट्टी बसवून बघितली. त्यानंतर वाद होतो, पण आवाज खालचा असतो.

उन्हाळ्यातला मुख्य प्रश्न मात्र तांत्रिक नाही, कौटुंबिक आहे. कूलर कोणाकडे? प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की जळू नये म्हणून आधी काम मंद करतो आणि तरीही भागलं नाही तर स्वतःच यंत्र बंद पाडतो. म्हणजे तो शहाणा आहे. दुपारी दोन वाजता आर्णी रोडने स्कूटर दामटणाऱ्यांपेक्षा नक्कीच. त्याला थंड हवा पाहिजे, पण कूलरची हवा ओली. ती थेट डब्यावर सोडली की आत दमटपणा साचतो आणि पत्रा गंजतो. म्हणून पोट्ट्याने सुचवलेली व्यवस्था अशी: कूलर माणसांकडे, टेबल फॅन संगणकाकडे, आणि संगणकाच्या डब्याचं झाकण मार्च ते जून काढून ठेवायचं. झाकण काढलं की वारा जातो. पालही जाते. विजेच्या पुरवठ्याच्या डबीत पाल शिरली की मोठा आवाज होतो, घरभर वास सुटतो, आणि पाल आणि डबी दोन्ही एकाच वेळी जातात. पोट्टा ती उलटी करून पाल पाडतो आणि म्हणतो, "हे वॉरंटीत येत नाई."

आमच्या साळ्याचं घर कळंब तालुक्यात. तिथला प्रकार वेगळाच. दिवाळीनंतर भाव पडलेला म्हणून त्याने कापूस विकला नाही, समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला. विदर्भात हे दरसाल घरोघरी चालतं. भाव चढायची वाट बघत माणसं कापसाशेजारी झोपतात आणि अंग खाजवतात. त्याच खोलीत पोरीचा संगणक होता, कारण तिला महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. डब्यातला पंखा बाहेरची हवा आत ओढतो, त्याला ती सरकीची आहे की डोंगरातली याच्याशी कर्तव्य नसतं. महिन्याभरात तो फिरेनासा झाला. पोट्टा एवढ्या लांब गाडी घेऊन गेला, झाकण काढलं आणि साळ्याच्या बायकोला हाक मारली, "मावशी, परात आणा." कापूस निघत राहिला. मावशीने त्याच्या तिथेच बसून वाती वळल्या. पण त्या दिवशी पोट्टा गमतीत नव्हता. एक ठिणगी उडाली असती तर वर्षाचं पीक आणि घर दोन्ही गेलं असतं, हे त्याने साळ्याला उभं करून सुनावलं. कापूस हलवायला जागा नव्हती. संगणक देवघरात गेला. आता पोरगी अंघोळ केल्याशिवाय अर्ज भरत नाही.

आता अर्थिंग. याविषयी मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण संगणकाच्या मदतीत पाण्याची बादली लागते हे बाहेरच्या माणसाला पटत नाही.

एका एप्रिलमध्ये आमचा संगणक हात लावला की मुंग्या आणू लागला. डब्याच्या पत्र्याला बोट लागलं की झिणझिण्या. पुण्यात हिंजवडीला असलेल्या भाच्याला फोन केला. तो परदेशी बँकांचे अवाढव्य संगणक सांभाळतो. त्याने तासभर पडद्यावरच्या नाना खिडक्या उघडायला लावल्या, शेवटी म्हणाला, "मामा, मला वाटतं विंडोज नव्याने टाकावं लागेल." पोट्टा आला, त्याने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरामागे गेला, तुळशीजवळची माती पायाने उकरली आणि म्हणाला, "काकू, एक बादली पाणी द्या. मूठभर मीठबी."

त्याचं कारण असं. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डबीत एक गाळणी असते. ती विजेतली खरखर गाळते आणि गाळताना थोडासा प्रवाह पत्र्यावर सोडते. तो जमिनीत जावा म्हणून प्लगला तिसरी, जाड पिन असते. जी आपण भोकात बसत नाही म्हणून पकडीने तोडतो. आमची शाबूत होती. पण ती तार जिथे पोचते तो खड्डा, मीठ-कोळसा घालून बुजवलेला, काळ्या मातीत होता. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि खड्ड्यातल्या नळीचा मातीशी संबंध सुटतो. मग तो प्रवाह पत्र्यावरच वाट बघत बसतो आणि पहिलं बोट दिसलं की त्यातून निघतो. पाणी ओतलं, माती फुगली, झिणझिण्या थांबल्या. भाच्याला कळवलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही.

पण २०१८ च्या उन्हाळ्यात हा उपचार महागात पडला. निळोणा आणि चापडोह ही यवतमाळला पाणी पाजणारी दोन्ही धरणं आटली होती. नळ कधी येईल ते नळालाच माहीत नव्हतं. टँकर आला की गल्लीत संबंध बिघडत. त्यात कूलरला पाणी, तुळशीला पाणी, आणि आता अर्थिंगला बादली. ही म्हणाली, "माणसाले प्याले नाई अन् खड्ड्याले कायले?" मी नायबसाहेबांचा कौल मागितला. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं, "भाऊ, टंचाई आराखड्यात कॉम्प्युटरची तरतूद नाई." शेवटी तोड निघाली ती तांदळाच्या धुवणावर. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात जाऊ लागलं. त्या वर्षी संगणक उत्तम चालला. पावसाळ्यात तिथे टमाट्याचं झाड आलं.

वीज जाण्याचा परिणाम संगणकाच्या स्मरणशक्तीवरही होतो. आत रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते, ती घड्याळ चालतं ठेवते. विजेची तार लागलेली असेल तर तिला फारसे कष्ट नसतात. भारनियमनात आणि रात्री बटण बंद करणाऱ्या काटकसरी घरांत सगळा भार तिच्यावर. ती संपली आणि आमचा संगणक एका सकाळी १ जानेवारी २००९ ला जागा झाला. बँकेचं पान उघडेना. पानाच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र संगणकाच्या हिशेबाने अजून जन्मालाच यायचं होतं. आम्हाला मात्र जरा बरं वाटलं. त्या तारखेला मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे चालू होती.

पोट्ट्याच्या पिशवीतली सगळ्यांत धोकादायक वस्तू म्हणजे त्याचा पेन ड्राइव्ह. त्यात जुने मराठी फॉण्ट आहेत, आणि ते लागतात. युनिकोडच्या आधीच्या फॉण्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेली असत. ज्या संगणकात तो फॉण्ट नाही तिथे फाइल उघडली की खुर्च्या दिसतात, अक्षरं नाहीत. भाचीची लग्नपत्रिका अशी उघडली तेव्हा नायबसाहेबांना ती तेलुगू वाटली; पांढरकवड्यापलीकडे आदिलाबाद असल्याने त्यांनी सोयरीक तिकडची धरली आणि अभिनंदनही केलं. पोट्ट्याने फॉण्ट टाकला, पत्रिका मराठीत आली. दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते. त्या पेन ड्राइव्हमध्ये उमरखेडपासून वणीपर्यंत सगळ्या तालुक्यांचे व्हायरस गुण्यागोविंदाने राहतात. पोट्टा पुन्हा आला, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली, लपलेले फोल्डर परत दिसू लागले. पैसे घेतले नाहीत. त्याबाबत तो फार सरळ आहे.

परक्याची मदत घेण्याचा प्रसंग एकदा नायबसाहेबांवर आला. पडदा एकाएकी लाल झाला, भोंगा वाजू लागला, संगणक अडवला आहे, या नंबरवर फोन करा, अशी सूचना. मायक्रोसॉफ्ट आपल्या धोक्याच्या सूचनेत फोन नंबर कधीच देत नाही, तो नंबर दिसला की समजावं चोर आहे, आणि यंत्राचं बटण दाबून धरून बंद करावं. पण नायबसाहेबांनी फोन लावला. पलीकडचा गोड हिंदीत बोलू लागला. नायबसाहेबांनी आधी त्याचं पूर्ण नाव, गाव आणि तालुका विचारला. मग कार्यालयाचा पत्ता. मग तिकडे पाऊसपाणी कसं. मग हुद्दा कायम की कंत्राटी. कंत्राटी म्हटल्यावर त्याला समान वेतनाबद्दल बराच वेळ समजावलं. पलीकडून फोन ठेवला गेला. पैसे गेले असते तर १९३० या नंबरवर तक्रार करायची असते, हे पोट्ट्याने त्यांना नंतर सांगितलं. "तक्रार कायची?" नायबसाहेब म्हणाले. "पोरगा चांगला होता."

पोट्टा सगळं करतो, प्रिंटर सोडून. प्रिंटरचं नाव काढलं की तो चपला शोधतो. शाई आठवडाभर वापरली नाही तर आमच्या उन्हात नळीतच वाळते, कागद दमटही लागत नाही आणि कोरडाही, आणि आत अडकलेला कागद निघाला तरी यंत्र म्हणतं, अडकलाय. कोणत्याही जाणत्या माणसाची एक हद्द असते. त्याची इथे आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं पोषण थांबलं. आमच्या पडद्यावर तशी सूचना आली आणि नवीन विंडोज या यंत्रावर चालणार नाही असंही कळलं. पोट्ट्याने डबा उघडून पाहिला. "त्याले जी चिप लागते थे याच्यात नाई जी."

"म्हणजे सेवानिवृत्त," नायबसाहेब म्हणाले. "किती वर्षं झाली सेवा?"

"विंडोज १० निघालं पंधरा साली. दहा वर्षं."

"आम्ही अठ्ठावन्नले झालो. याले दहातच काढून रायले?"

"नोंदणी केली तं एक वर्ष अजून सुरक्षेचे अपडेट भेटते. ऑक्टोबर २०२६ लोक."

नायबसाहेब खुर्चीत ताठ बसले. कित्येक वर्षांत त्यांना मी इतकं टवटवीत पाहिलं नव्हतं. "मुदतवाढ!" ते म्हणाले. "मग अर्ज पायजे. विहित नमुन्यात. जनहितार्थ हे कारण घाला."

"दोन बटनं दाबाची हायेत जी फक्त."

"बटन दाबून मुदतवाढ होत नसते बापू. मी मसुदा सांगतो, तू टंकलिखित कर अन् तीन प्रतींत प्रिंट काढ."

पोट्ट्याचा एक पाय आपोआप उंबऱ्याबाहेर गेला. "प्रिंट मी बाहेरून काढून आणतो साहेब, दत्त चौकातूनच," तो म्हणाला आणि त्याने गाडीला किक मारली. नायबसाहेबांनी तोवर 'प्रति' लिहून घेतलं होतं आणि खाली 'मार्फत' कोणाची टाकावी यावर ते अडले होते.