चार मिनिटांचा पंचनामा

1 जुलै 2024 ला फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. 484 कलमांच्या जागी 531 कलमं बसली. महागाईच्या मानाने ही वाढ माफकच म्हणायची. ठाणे अंमलदाराच्या टेबलावरच्या काचेखाली साईबाबांच्या शेजारी आता जुन्या-नव्या कलमांचा तक्ता सरकवलेला असतो. त्याच दिवशी दंडसंहिताही बदलली, त्यामुळे खून 302 वरून 103 वर आला. जमावबंदी 144 ची 163 झाली. खून करणाराला याने काही फरक पडला नाही, गुन्हा लिहिणाराचे मात्र वांधे झाले.

फिर्यादीची सोय भलतीच झाली आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, फिर्यादी येईल त्या ठाण्यात तो नोंदवून घ्यायचा, असं कलम 173 सांगतं. म्हणजे ‘पुलाच्या अलीकडे आमची हद्द, पलीकडे त्यांची’ हे पिढीजात वाक्य बाद. पण अंमलदार काही कालचा नाही.
“मोबाइल चोरीला गेला म्हणता? गेलेला बघितला का?”
“नाही.”
“मग गहाळ झाला लिहा.”
गहाळ वस्तूला हद्दही नसते आणि तपासही नसतो. तरी चोरीच म्हणायची असेल, तर त्याच कलमात पुढे सोय आहे. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशी करता येते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवलाच पाहिजे, असं ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावलं होतं. ‘बघतो, दोन दिवसांनी या’ला तेव्हापासून हक्काचं कलम नव्हतं, ते मिळालं. घरबसल्या ऑनलाइन तक्रार केली, तरी तीन दिवसांत सही करायला ठाण्यात जावंच लागतं. तिथलं बाकडं ऑनलाइन झालेलं नाही.

ज्येष्ठांची काळजीही घेतली आहे. शिक्षा तीन वर्षांहून कमी आणि आरोपी साठीच्या पुढचा, तर उपअधीक्षकांना विचारल्याशिवाय अटक नाही. पत्त्यांच्या अड्ड्यावर धाड पडली की पूर्वी लोक खिडकीतून पळत. आता शांतपणे आधार कार्ड काढतात.

पण खरी पंचाईत केली ती कलम 105 ने. झडती, जप्ती, मुद्देमालाची यादी, त्यावर पंचांच्या सह्या, सगळं ध्वनिचित्रमुद्रित करायचं, शक्यतो मोबाइलवर, आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. मोबाइल कुणाचा, हे कलम सांगत नाही. म्हणजे अर्थात हवालदाराचा.

यातली गंमत कळायला जुना पंचनामा वाचलेला असावा लागतो. त्यात चाकू कायम लाकडी मुठीचा, एका बाजूस धार असलेला. आरोपी तो कायम स्वखुशीने काढून देणार. पंच दोन: एक ठाण्यासमोरचा चहावाला, दुसरा त्याच्याकडे चहा प्यायला आलेला. पंख्याखाली बसून रायटर एकटाकी लिहून काढी, आणि कोर्टात पंच फितूर झाला की ‘सही माझी आहे, मजकूर माहीत नाही’ म्हणून मोकळा होई. कॅमेरा आल्यावर आता पंचनामा खऱ्यासारखा होईल, असं भाबड्या लोकांना वाटलं. खरं पंचनाम्यासारखं करून घेणं जास्त सोपं आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

अशी एक झडती डोळ्यांसमोर आणा. चाळीतली दहा बाय दहाची खोली. कागद आधीच तयार आहेत.
“हं, सांग आता स्वखुशीने,” फौजदार म्हणतात. आरोपी कपाटाकडे बोट दाखवतो.
“थांब रे! फोन आडवा धर. परत घे.”
आरोपी पुन्हा स्वखुशीने बोट दाखवतो. चहावाला कॅमेऱ्याकडे बघून हसतो.
“काका, हसू नका, पंच आहात तुम्ही.”
कपाटाची किल्ली मिळत नाही. सरकारने यासाठी ई-साक्ष्य नावाचं ॲप दिलंय, पण त्यातली एक चित्रफीत जास्तीत जास्त चार मिनिटांची. साडेतीन मिनिटं किल्लीतच गेली. चाकू निघाला तेव्हा चित्रफीत संपलेली, म्हणून तो परत आत ठेवावा लागला. आरोपीची आई दारातून विचारते, “साहेब, हे टीव्हीवर कधी लागणार?”

काम संपलं की अंमलदाराने स्वतःचा सेल्फी त्याच ॲपवर चढवायचा. हवालदार केसांवरून हात फिरवून घेतात. मागे लाखेचं सील केलेली पिशवी आणि तिच्याशेजारी, बोलावलेलं नसताना, चहावाला. चाळीत रेंज नाही, म्हणून फौजदार गच्चीत टाकीवर चढून ‘विनाविलंब’ पाठवतात.

एवढ्यावर भागत नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र भरायचं असतं. अ भाग फोनवाल्याने, ब भाग तज्ज्ञाने. फोनची कंपनी, मॉडेल, आयएमईआय, हॅश व्हॅल्यू. ती 64 अक्षरांची निघाली. रायटर ती बोट ठेवून ठेवून हाताने उतरवून घेतो. मध्ये कुणी लायसन विचारायला आलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि फॉर्ममध्ये फोनचा रंगही लिहायचा असतो. रायटरने ‘काळा’ लिहिलं.

यथावकाश खटला उभा राहतो. चाकू ओळखला जातो, चहावाला फितूर होतो, सगळं रीतसर चाललेलं असतं. मग बचावाचे वकील उठतात.
“हवालदार, प्रमाणपत्रात फोनचा रंग काळा लिहिलाय. आज कोर्टात आणलेला फोन निळा आहे. हे खरं आहे का?”
“खरं आहे साहेब. तेव्हा कव्हर होतं.”
“ते कव्हर जप्त केलंत का?”