लेकराला पुस्तक वाचून दाखवण्याची शास्त्रोक्त पद्धत (परभणी आवृत्ती)

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आपण रेल्वेच्या डब्यात भेटेल त्याला ऐकवत आलो आहोत. तेव्हा जर्मनी जे करते ते परभणीला करणं भाग आहे. तिकडं २००४ पासून नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शुक्रवारी देशभर मोठी माणसं लेकरांना पुस्तकं वाचून दाखवतात. आपणही काही मागं नाही. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, आपल्याकडं वाचन प्रेरणा दिन असतो. फरक इतकाच, की तिकडं मोठी माणसं वाचतात आणि लेकरं ऐकतात. इकडं मोठी माणसं वाचनाचं महत्त्व सांगतात आणि लेकरं ऑक्टोबरच्या उन्हात ऐकतात. बाकीच्या दिवसांत घरी काय करायचं, ते परिपत्रकाची वाट न पाहता इथं देत आहोत.

पुस्तक आणायला जाताना लेकराला सोबत नेऊ नये. त्याला कळत नाही. ते नेमकं म्हशीचं चित्र असलेलं, पातळसं, सोळा पानांचं पुस्तक उचलतं आणि सोडत नाही. जाणकार माणूस आधी पुस्तक हातावर तोलतो. मग कागदावरून अंगठा फिरवून पाहतो, की वरण सांडलं तर पुसता येईल का. 'एकशे एक गोष्टी' असं वर लिहिलेलं असेल तर किमतीला एकशे एकनं भागावं. गोष्ट दीड रुपयाच्या आत बसली तर सौदा चांगला. आत काय आहे ते पाहत बसू नये, एसटी सुटते.

प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य आहे ना, हे मात्र बघून घ्यावं. तात्पर्यच नसेल तर पैसे कशाचे दिले? राजकन्या, किल्ला आणि हिमवर्षाव असला तर फारच उत्तम. बाहेर पारा चव्वेचाळीसवर आणि लेकरू विचारतंय, "बर्फ पडतो म्हंजे कसा?" 'गोळ्यावाल्याकडं असतो तसा' असं सांगून पुढं जावं.

वयाचा प्रश्न सोपा आहे. वाढत्या अंगाचा सदरा घेतो तसं पुस्तकही पाच-सात वर्षं पुढचं घ्यावं. तीन वर्षांच्या पोराला 'श्यामची आई' द्यावी. साने गुरुजींचं हे पुस्तक १९३५ चं. त्यात श्याम बेचाळीस रात्री सोबत्यांना आपल्या आठवणी सांगतो. सांगतो, हे विसरून जावं. पुस्तक लेकराच्या हातात देऊन आपण रात्री मालिका बघावी आणि सकाळी विचारावं, "रडलास का?"

आता धोक्याचा इशारा. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं घरात येऊ देऊ नयेत. 'राधाचं घर'मध्ये एक मुलगी आपल्या घरातली माणसं एकेक करून दाखवते. बस्स. राक्षस नाही, तात्पर्य नाही. परिणाम असा होतो, की लेकरू मध्येच "आपली आजी बी अशीच करते" म्हणतं आणि वाचन तिथंच थांबून अर्धा तास आजीवर जातो. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पण फुकटच्या वस्तूला किंमत नसते, हे आपल्याला ठाऊकच आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठी गोष्टी अशाच फुकट आहेत, तेव्हा तोच न्याय. आणि आपल्या परभणीच्याच इंद्रजित भालेराव यांनी मुलांसाठी लिहिलेल्या गावाकडच्या कविता तर कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवाव्यात. त्या लेकराच्या कानावर पडल्या तर आपल्या घरी बोलतात तसलं पुस्तकातही छापतात, असा त्याचा समज होईल. मग शाळेत 'कामून' म्हटल्याबद्दल हातावर छडी बसली, की ते बाईंनाच कारण विचारील.

सार्वजनिक ग्रंथालयाचा मार्गही आहे. १९६७ च्या कायद्यानं राज्यात शासनमान्य ग्रंथालयं आहेत, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी बालविभागाचं कपाटही आहे. किल्ली ज्यांच्याकडं असते ते मानवतला लग्नाला गेलेले असतात.

प्रत्यक्ष वाचनाला मे महिन्यातली दुपार निवडावी. कूलर सुरू असतो, त्याच्यावरचा आवाज लावावा लागतो आणि दोन पानांत घसा बसतो. मग 'आजचं झालं' म्हणायला मोकळे. आवाज बातम्या देणाऱ्याचा असावा. सिंह आणि उंदीर एकाच सुरात बोलले पाहिजेत, नाहीतर शेजारचे ऐकतात. दर ओळीला थांबून परीक्षा घ्यावी: हा कोणता प्राणी, पाय किती, इंग्रजीत काय म्हणतात? दोन दिवसांत लेकरू पुस्तक दिसलं की पलंगाखाली जातं. पद्धत लागू पडल्याची ही खूण.

पानं उडवण्याचा मोह आवरावा. हे मात्र गंभीरपणे सांगतो. ज्याला 'क' कळत नाही असं साडेतीन वर्षांचं पोरगं बोट लावून दोन चिकटलेली पानं सोडवतं आणि म्हणतं, "आन् बोकड कुठं गेलं?" एकच पुस्तक ते महिनाभर रोज मागतं, यावर अजून औषध सापडलेलं नाही. बाराव्या रात्री तुम्ही 'आणि दारात कोण?' म्हणून श्वास घ्यायच्या आत ते "मांजर!" ओरडतं. काही लोक यालाच वाचनाची सुरुवात म्हणतात. आपण याला वेळेचा अपव्यय म्हणावं आणि नवीन जाड पुस्तक आणावं.

घरात आजी असली तर बंदोबस्त कडक हवा. शाळेत न गेलेली माणसं चित्र बघून गोष्ट रचतात. "ही म्हैस रुसली बघ. कामून रुसली? तिचं वगारू विकलं पालमच्या बाजारात." पुस्तकात वगारू नाही, पालम नाही. दुसऱ्या दिवशी तीच म्हैस भलत्याच कारणानं रुसते. लेकरू हरकत घेतं, काल असं नव्हतं म्हणतं, आजी भांडते, आणि पुस्तकात लिहिलंय काय ते कुणी विचारत नाही. अशा वेळी चष्मा लावून मधे पडावं आणि छापील मजकूर वाचून दाखवावा. दोघंही तुमच्याकडं बघतील, थोडा वेळ थांबतील, आणि म्हशीचं पुढं सुरू करतील.

लाइट गेली, तर सदर मार्गदर्शन त्या घरापुरतं स्थगित समजावं. मोबाइलची बॅटरी पाच टक्क्यांवर, पुस्तक दिसत नाही, आजी जवळच बसलेली. त्यानंतर जे काही ऐकू येईल त्याला आम्ही जबाबदार नाही.