सीतादेवी विरुद्ध प्रीतम

सीडीच्या दुकानात जाऊन "ललिता पवारांचं काय आहे?" असं विचारलं की दुकानदार आधी आपल्याकडे बघायचा आणि मग आपली बायको मागे उभी आहे का ते बघायचा. तशी त्याची चूक नसायची. त्याच्याकडे खण असायचे ते नायकांचे. राज कपूरचा, देव आनंदचा, शम्मीचा, आणि जागा उरलीच तर मधुबालेचा. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत काम केलेल्या बाईंना स्वतःचा खण नव्हता. त्या बिऱ्हाडकरू म्हणून दुसऱ्यांच्या खणांत राहायच्या. 'श्री ४२०' हवा तर राज कपूरकडे जा, 'जंगली' हवा तर शम्मीकडे, 'हम दोनो' हवा तर देवकडे. वेष्टनाच्या दर्शनी बाजूलाही बाई सापडायच्या नाहीत. पाठीमागे, बारीक टायपात, डेव्हिड आणि धुमाळ यांच्यासारख्या माणसांच्या शेजारी त्यांचं नाव असायचं, आणि नेमकी त्याच्यावर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली असायची.

तरीही मी खोकं भरलं. २००६-०७च्या सुमाराला मोझर बेअरनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा माझ्यासारख्या माणसांच्या संसारात फार मोठी उलथापालथ झाली. किलोभर साखरेच्या पिशवीबरोबर 'प्रोफेसर' घरी येऊ लागला. हिशेब विचारला तर दोन्ही किराण्यात धरता यायचं.

त्याआधी माझ्या पिढीनं ललिता पवार पाहिली ती पहाटे चार वाजता. १९८२च्या एशियाडच्या निमित्तानं देशात रंगीत टीव्ही आला, आणि पाठोपाठ एका रात्रीसाठी टीव्हीसकट व्हिडिओ भाड्यानं आणायची चाल पडली. वाड्यात वर्गणी निघायची. तीन कॅसेट यायच्या. पहिली नवी, दुसरी मारधाडीची, आणि तिसरी वडीलधाऱ्यांचा मान राखण्यासाठी काळी-पांढरी जुनी. मान राखायचा म्हणून ती शेवटी लागायची, म्हणजे वडीलधारे घोरत असताना. जाग्या असायच्या त्या दोन-तीन आज्या आणि आम्ही अर्धवट झोपेतली पोरं. चादरीच्या फटीतून डोळा उघडला की समोर बाई कुणाला तरी घराबाहेर काढत असायच्या. पुन्हा डोळा मिटायचा. पुढच्या वेळी उघडला की सकाळ झालेली आणि व्हिडिओवाला वायरी गुंडाळत असलेला. मधे त्यांना पश्चात्ताप झाला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

व्हीसीडीनं हा प्रश्न सोडवायला हवा होता, पण तिनं तो वाढवला. एका तबकडीत साधारण सव्वा तास मावतो. हिंदी सिनेमा अडीच-पावणेतीन तासांचा. म्हणजे दोन नाहीतर तीन तबकड्या. आता या सिनेमांची घडण अशी की पहिल्या तबकडीत बाई कडक, दुसरीत जास्त कडक, आणि हृदयपरिवर्तन शेवटच्या तबकडीच्या शेवटच्या दहा मिनिटांत. चरे पडतात तेही नेमके तिथंच. आमच्या 'जंगली'ची शेवटची तबकडी अडकते. घराण्यात हसायचं नाही असा कायदा करणारी ती आई आमच्या घरात अजून हसलेली नाही. शम्मी कपूर काश्मीरच्या बर्फात जाऊन आरोळ्या ठोकून येतो, साऱ्या देशाला ती आरोळी पाठ होते, आणि ती तरी त्याची कुठं? ती प्रयाग राज यांची. पडद्यावरचा दरारा मात्र बाईंचा स्वतःचा.

थेटरात सिनेमाचा निकाल तिथल्या तिथं लागतो. बाई आल्या की पिटातून हाय हाय, त्यांची फजिती झाली की शिट्ट्या. आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यायची सोय नाही. घरी रिमोट असतो. साक्ष थांबवता येते, मागे नेता येते, "हे आधी काय म्हणाली होती?" हे तपासता येतं. आमच्या बैठकीच्या खोलीत त्यामुळे आपोआप अपिलाचं कोर्ट भरायला लागलं. खंडपीठावर तिघी: आई, बायको आणि लेक. माझ्याकडे तबकड्या बदलण्याचं काम.

आईबद्दल दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. एक, ती तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाली, त्यामुळे ती मत देत नाही, शेरा मारते. दुसरी, तिचं माहेर येवल्याचं. ललिता पवारही १९१६ साली येवल्यात जन्मल्या, मूळच्या अंबा सगुण. न्यायाधीश आणि आरोपी एका गावचे असल्याची हरकत मी सुरुवातीलाच नोंदवली होती. "येवल्याच्या माणसानं येवल्याच्या माणसाला सूट दिल्याचं कधी ऐकलंयस?" असं म्हणून ती फेटाळण्यात आली.

पहिलं प्रकरण 'मिस्टर अँड मिसेस ५५'. गुरुदत्तचा सिनेमा, मधुबाला वारस. वडिलांनी मृत्युपत्रात अट घातलेली, की एकविसावं लागल्यावर महिन्याच्या आत लग्न केलं तर सत्तर लाख मिळतील. आत्या सीतादेवी, म्हणजे ललिता पवार, स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणारी, घटस्फोटाच्या कायद्याच्या बाजूनं बोलणारी. ती बेकार व्यंगचित्रकार प्रीतमला, म्हणजे गुरुदत्तला, पैसे देऊन नावापुरता नवरा करते. सिनेमात चित्रं काढणारा हात आर. के. लक्ष्मण यांचा, त्यामुळे त्या बेकार माणसाची रेषा भलतीच सरावलेली. सिनेमा त्याच्या बाजूचा आहे, हे उघडच आहे. आत्याबाईंना हास्यास्पद करायला त्यानं काही बाकी ठेवलेलं नाही. त्यांचा घसा, त्यांचा चष्मा, त्यांच्या मैत्रिणी, सगळ्यांची टिंगल.

लेकीनं सिनेमा थांबवला. "थांब. मुलीनं लग्न केलं तरच पैसे, ही अट कोणी घातली?"

"वडिलांनी."

"मग खलनायक ते. ही तर फक्त पळवाट शोधतेय."

हिंदू विवाह कायदा त्याच साली, १९५५ला झाला, हे मी माहितीखातर पुरवलं. त्यावर तिनं विचारलं, "म्हणजे ती ज्याच्यासाठी भांडत होती ते देशानं मान्य केलं, आणि तरी सिनेमात चूक तिचीच?" आता मधुबाला प्रीतमच्या वहिनीचा संसार बघून विरघळते त्या प्रसंगाचा मला आधार घेता आला असता, पण बायको माझ्याकडे बघत होती. आईनं शेरा मारला: "आत्याचं म्हणणं रास्त. पद्धत चुकीची. नावापुरता नवरा आणायचा तर देखणा आणू नये."

दुसरं प्रकरण 'प्रोफेसर', १९६२. पडद्यावर कडक शिस्तीच्या बाई आल्या, नाव सीतादेवी. त्यांना गंडवायला निघालेला तरुण आला, नाव प्रीतम. बायकोनं उठून दोन्ही वेष्टनं शेजारी-शेजारी ठेवली. सात वर्षांच्या अंतरानं, वेगळा दिग्दर्शक, वेगळा नायक, आणि वादी-प्रतिवादी तेच! सीतादेवी विरुद्ध प्रीतम. आमच्या कोर्टात या दोन्ही अपिलांची सुनावणी मग एकत्रच झाली.

या वेळचा प्रीतम शम्मी कपूर. आजारी आईच्या औषधाला पैसे हवेत, शिकवणीची नोकरी आहे, पण सीतादेवींना शिक्षक म्हातारा हवा, कारण घरात वयात आलेल्या भाच्या. हा पांढरे केस लावून, कमरेत वाकून म्हातारा होतो. दिवसा म्हातारा, सुटीत तरुण, आणि सुटीतल्या तरुणाचं त्याच भाचीवर प्रेम. म्हणजे सीतादेवींना ज्याची भीती होती नेमकं तेच घडतं, हे आईनं तारखेसकट लिहून घ्यावं अशा सुरात सांगितलं. पुढं सीतादेवी त्या म्हाताऱ्या प्रोफेसराच्या प्रेमात पडतात. नटतात, लाजतात, चालण्यात फरक पडतो. थेटरं इथं डोक्यावर घेतली गेली असणार. वाड्यातसुद्धा या जागेला झोपलेले लोक उठून हसल्याचं मला आठवतं.

आमच्या खोलीत मी एकटा हसलो. बायको म्हणाली, "मागं घे जरा." मागे घेतलं. पुन्हा बघितलं. बाई काय करतात, तर त्या विनोद करतच नाहीत. बाकीचा सिनेमा विनोदी चाललेला असताना त्या मधेच खऱ्या प्रेमात पडलेल्या आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळलेल्या बाईकडे पहिल्यांदा कोणी अदबीनं बोललं, आणि तो माणूस मुळात नव्हताच. दाढीमिशीचा खोटा कागद होता. आईनं इथं शेरा मारला नाही. "पुढं जाऊ दे," एवढंच म्हणाली. दोन्ही अपिलं मंजूर झाली, प्रीतम क्रमांक दोनवर तोतयेगिरीचा ठपका आला.

आता त्या डोळ्याबद्दल. १९४२ साली एका चित्रीकरणात भगवानदादांनी मारायची थप्पड जरा जास्त जोरात बसली आणि बाईंचा डावा डोळा कायमचा बारीक झाला. तोवर त्या नायिका होत्या. नंतर नायिकेच्या वाटेतला धोंडा झाल्या. थप्पड एकाच्या हातून सुटली आणि खलनायिकेची शिक्षा दुसरीला झाली, पुढची पन्नास वर्षं. सगळे म्हणतात त्या डोळ्यानं त्यांना भूमिका मिळवून दिल्या. सिनेमा थांबवून-थांबवून बघितल्यावर माझं मत असं झालंय की आपण सारे त्या बारीक डोळ्याकडे बघत राहतो आणि काम उजवा डोळा करत असतो.

खोक्यातल्या बाकीच्या तबकड्यांची सुनावणी भराभर झाली. हृषीकेश मुखर्जींनी बाईंना डिसा आडनाव दिलं की त्यांना सात खून माफ, असा एक नियम हाती आला. 'अनाडी'तली घरमालकीण मिसेस डिसा तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी. औषध म्हणून विष पोटात जाऊन मरते आणि १९५९चं फिल्मफेअर घेऊन जाते. 'आनंद'मधली मेट्रनही डिसाच. फ्रॉक किंवा नर्सचा पोशाख घातला की माया पाझरते आणि नऊवारी-सहावारी नेसवली की सुनेचे हाल सुरू. यात शिंप्याचा काय दोष असेल तो वेगळा तपासावा लागेल. मुखर्जींच्याच 'मेम दीदी'त तर वस्तीतले दोन दांडगे दादा, डेव्हिड आणि जयंत, यांना बाई सरळ करतात. बाई त्यात शीर्षकभूमिकेत, पण दुकानात तोही सिनेमा 'इतर'मध्ये होता. त्याच १९६१ साली 'जंगली'त हसू बंद, 'संपूर्ण रामायण'मध्ये मंथरा, आणि 'हम दोनो'त मेजरची आई. 'हम दोनो'त देव आनंद दोन, एकाची आई लीला चिटणीस, दुसऱ्याची ललिता पवार. हिंदी नायक दुहेरी भूमिकेत असला तरी आई पुरवायची जबाबदारी दोन्ही वेळा आपल्यावरच. संगीत नाटक अकादमीनंही १९६१चाच मुहूर्त साधून त्यांना पुरस्कार दिला. एका वर्षात एवढ्या जणांना एवढं छळून सरकारी सन्मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

'सुजाता'त मात्र कोर्ट एकमुखी निघालं. बिमल रॉयच्या त्या सिनेमात बाई सोवळ्यातल्या बुआजी, घरात वाढलेल्या अस्पृश्य मुलीची सावली नको म्हणणाऱ्या. लेक म्हणाली, "हिला सोडायचं नाही." बायको म्हणाली, "नाहीच." मी नुसती तबकडी बदलली. मंथरेचं अपील आईनं दाखलच करून घेतलं नाही. १९८७मध्ये रामानंद सागरांच्या 'रामायण'मध्ये, सव्वीस वर्षांनी, बाई पुन्हा मंथराच झाल्या, तेव्हा ती रविवारी सकाळी अंघोळ करून टीव्हीपुढं बसत असे. "वर दशरथानं दिले होते, मंथरेनं नुसती आठवण करून दिली," एवढं मी म्हणून बघितलं. त्या दिवशीचा चहा मला स्वतः करून घ्यावा लागला.

राहता राहिला 'रामशास्त्री'. प्रभातचा, १९४४चा. गजानन जागीरदार रामशास्त्री आणि आनंदीबाई ललिता पवार. ही डीव्हीडी एका मित्राकडून आणली होती. सिनेमातच न्यायाधीश आणि तेही प्रभुणे, त्यामुळे आमचं खंडपीठ जरा सावरून बसलं. रामशास्त्री निकाल देत असताना कोणी रिमोटला हात लावायचा नाही, असं आईनं बजावलं. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका मराठी मुलाला दूध पाजतानाच सांगतात, तेव्हा इथं अपिलाला जागा उरली नव्हती. लेकीनं फिर्याद वाचली, बायकोनं दुजोरा दिला, मी गप्प. येवल्याची बाजू पार संपली.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं चष्मा काढून पुसला.

"मूळ हुकूम राघोबाचा. म्हणजे कागद खरा," ती म्हणाली. "त्यात अक्षर बदललेलं. म्हणजे खाडाखोड. खाडाखोडीच्या बाजूला छोटी सही होती का?"

"आई, तो पेशव्यांचा काळ—"

"सही होती का?"

"नसणार."

"मग गारद्यांनी तो कागद परत पाठवायला हवा होता. आमच्याकडे शिपायालासुद्धा एवढं कळायचं."