ओव्हननिष्ठ गृहस्थ

पुण्याच्या कोथरूड-बाणेर पट्ट्यात, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील संकुलांत आणि अलीकडे नाशिकच्या गंगापूर रोडलाही मध्यमवर्गीय पुरुषांचे जे नवे प्रकार आढळू लागले आहेत, त्यांत ओव्हननिष्ठ गृहस्थ हा सर्वांत निरुपद्रवी, तरीही घरच्यांच्या सहनशक्तीची सर्वाधिक परीक्षा पाहणारा प्रकार मानावा लागेल. हा गृहस्थ बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो, वार्षिक तपासणीच्या अहवालात त्याचा कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरांत छापून आलेला असतो, आणि त्या दिवसापासून घरातल्या कढईशी त्याने बोलणे टाकलेले असते. कढईची जागा ओटीजीने घेतलेली असते. ओटीजी म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल या तिघांचे काम करणारी, वर-खाली तापणाऱ्या दांड्या असलेली विजेची पेटी होय. ती दिवाळीच्या सवलतीत घरी येते, तिच्यात एकदा नानकटाई होते, आणि पुढे तिच्या डोक्यावर डबे व आत जादा ताटल्या ठेवण्याची प्रथा पडते. या पेटीचा जीर्णोद्धार करणे हे गृहस्थाच्या उत्तरायुष्याचे कार्य ठरते, आणि त्यासाठी त्याने निवडलेले दैवत म्हणजे रताळे.

रताळ्याचा मोसम पंचांगाने ठरतो. आषाढी एकादशी आणि महाशिवरात्रीच्या आधीच्या दिवसांत मंडईत त्याचे ढीग लागतात. करमाळ्याकडची गावरान रताळी आकाराने बेताची पण चवीला गोड मानली जातात, तर बेळगावकडून येणारी अंगाने थोराड असतात. घरातील आई पिशवी घेऊन गावरान ढिगाकडे वळते, आणि गृहस्थ मात्र लांब, सरळ व जाड अशी बेळगावी रताळी हाताने तोलून बाजूला काढतो, कारण त्याला चव नको असून भूमिती हवी असते. सर्व काड्या सारख्या जाडीच्या नसतील तर बारीक जळतात आणि जाड कच्च्या राहतात, हे त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. परंतु त्यासाठी मुलाच्या कंपासपेटीतील पट्टी ओट्यावर आणून प्रत्येक काडी 1 सेंटिमीटरची आहे की नाही हे पाहण्याची गरज शास्त्राने कुठे सांगितल्याचे आढळत नाही. या मापात न बसणारी टोके आणि वाकडे तुकडे तो एका वाटीत टाकतो, व ती वाटी आई काही न बोलता उचलून नेते.

काड्या पाण्यात भिजत ठेवायच्या, म्हणजे कापलेल्या बाजूवरचा स्टार्च, म्हणजेच पिठूळ अंश, निघून जातो; मग त्या पूर्ण कोरड्या करायच्या, ज्यासाठी तो पाहुण्यांकरिता राखून ठेवलेला नॅपकिनच नेमका शोधून काढतो. कोरड्या काड्यांना पिठाचा पातळ थर द्यावा लागतो, कारण तो थर बाहेरचा ओलावा शोषून कुरकुरीतपणाला आधार देतो, आणि इथेच धर्मसंकट उभे राहते. पाककृतीत कॉर्नफ्लोअर सांगितलेले असते, मका उपासाला चालत नाही, आणि गृहस्थ तर उपासाच्या दिवशीच प्रयोगाला बसलेला असतो. शेवटी आरारूटावर, म्हणजे त्याच नावाच्या कंदापासून काढलेल्या पांढऱ्या सत्त्वावर, तडजोड होते. पण तत्पूर्वी गृहस्थाचे व्याख्यान झालेले असते. रताळे, बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कसावा, ही सगळी मंडळी मुळात अमेरिका खंडांतली, कोलंबसाच्या सफरींनंतरच इकडे पोहोचलेली, आणि तरीही उपासाच्या ताटात मानाने बसलेली. याउलट इथलीच हळद मात्र त्या ताटाबाहेर, हा विरोधाभास तो दर एकादशीला नव्याने शोध लागल्याच्या उत्साहाने मांडतो. ‘‘मग घाल हळद आणि मोड उपास, कोणी धरलाय तुला?’’ एवढे बोलून आई या संशोधनाचा समारोप करते.

ओव्हन 220 अंशांवर आधीच तापवून ठेवणे, ट्रेवर बटर पेपर पसरणे आणि काड्यांना दोन चमचे तेल चोळून त्या एकमेकींना न खेटता मांडणे, इथपर्यंत त्याचा संयम टिकतो. परंतु चार माणसांच्या काड्या एका ट्रेत सुट्या मांडून मावत नाहीत, दोनदा भाजायचे तर तासभर जातो, म्हणून तो उरलेल्या काड्या मोकळ्या जागांत खुपसतो, आणि पुढील अनर्थाचे मूळ तिथेच रोवले जाते. दाटीवाटीत रताळ्यातील पाण्याची वाफ निसटू शकत नाही, आणि काड्या भाजल्या जाण्याऐवजी उकडल्या जातात. शिवाय रताळ्यात साखर बरीच, त्यामुळे करपणे आणि मऊ राहणे या दोन्ही गोष्टी एकाच काडीच्या दोन टोकांना सुखाने नांदू शकतात. हा सर्व वेळ गृहस्थ ओटीजीच्या काचेसमोर उकिडवा बसून असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास मायार प्रक्रिया समजावून सांगत असतो. साखर आणि अमिनो आम्ले उष्णतेत एकत्र येऊन पदार्थाला तपकिरी रंग व खमंग वास देतात, त्या क्रियेला हे नाव 1912 साली तिचे वर्णन करणाऱ्या लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञावरून पडले. ‘‘उपास उद्या सुटायचाय, तोवर होईल ना रे?’’ अशी चौकशी दरम्यान आतल्या खोलीतून होते.

त्याच्या आरोग्यविचाराची खरी गंमत मात्र त्याच्या लक्षात आलेली नसते. रताळ्यातील बीटा-अमायलेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान पिठूळ अंशाचे माल्टोज या साखरेत रूपांतर करते. चुलीतल्या गरम राखेत पुरलेले अख्खे रताळे या टप्प्यातून सावकाश जाते, म्हणून ते मधासारखे पाझरते, आणि बारीक काड्या हा टप्पा झरकन ओलांडत असल्याने तितक्या गोड होत नाहीत. गोडी हवी तर राख बरी, हे झाले. आरोग्य हवे असेल तर भाजलेल्या रताळ्यापेक्षा पाण्यात उकडलेले रताळे रक्तातील साखर सावकाश वाढवते, म्हणजे आई वर्षानुवर्षे जे पातेल्यात उकडून, वर चिमूटभर मीठ घालून देत आली, ते या सगळ्या खटाटोपाहून सोज्वळ ठरते. रताळ्यातील बीटा-कॅरोटीनचे, म्हणजे शरीरात ज्याचे ‘अ’ जीवनसत्त्व होते त्या रंगद्रव्याचे, आकडे तो तोंडपाठ म्हणून दाखवतो. 2016 सालचा जागतिक अन्न पुरस्कार ज्या कामासाठी दिला गेला, त्यात नारिंगी रताळ्याचा आफ्रिकेतील प्रसार मोठा होता, हेही त्याला ठाऊक असते. ते आकडे नारिंगी गराचे आहेत आणि त्याच्या ट्रेतील गर पांढरा आहे, एवढी किरकोळ बाब कोणी दाखवून देत नाही. घरात सगळ्यांना भूक लागलेली असते.

यानंतर डिप. डिप म्हणजे काडी बुडवून खाण्याची घट्ट चटणी, आणि तेलात केलेल्या काटकसरीचे सगळे उट्टे गृहस्थ येथे फेडून घेतो. सायीच्या दह्याचा बांधलेला चक्का, मूठभर दाण्याचा कूट, हिरवी मिरची, सैंधव, लिंबू, चवीपुरती म्हणून सुरू होऊन दोन चमच्यांवर थांबणारी साखर, आणि सर्वांवर साजूक तुपात तडतडलेल्या जिऱ्याची फोडणी. ‘‘यात तेलाचा थेंब नाही,’’ असे तो वाटी पुढे करताना सांगतो, आणि ते अक्षरशः खरे असते. डिप अप्रतिम होते, हे मान्य केलेच पाहिजे. मुले काड्यांना फाटा देऊन ते बोटाने चाटून संपवतात.

ट्रेत उरलेल्या काड्या दहाव्या मिनिटाला माना टाकतात. दुपारी गृहस्थ वामकुक्षी घेत असताना आई त्या कुस्करते, सकाळच्या वाटीतल्या तुकड्यांचा कीस त्यात मिसळते, राजगिऱ्याचे पीठ, मिरची आणि जिरे घालून मळते, आणि मोठ्या तव्यावर भरपूर तूप सोडून थालीपिठे लावते. वासाने जागा झालेला गृहस्थ त्यांतली चार लोण्याबरोबर खातो आणि पाचवे हातात घेऊन सांगतो, की पुढच्या एकादशीला ट्रेच्या खाली जाळी ठेवून पाहायला हवे.