स्पेशालिस्ट साहेब, तुमची परीक्षा कोणी घेतली?

प्रति,
माननीय डॉक्टरसाहेब,
जनावरांचे वंध्यत्व तज्ज्ञ, गर्भाशय स्पेशालिस्ट वगैरे वगैरे,
बसस्टँडसमोरचा सर्वांत उंच फ्लेक्स, जिल्हा जालना.

विषय : तज्ज्ञपदावर स्वतःच स्वतःची नेमणूक केल्याबद्दल जाहीर अभिनंदन.

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

नवा फ्लेक्स पाहिला. डोळ्यांचं पारणं फिटलं. एका बाजूला कोट घातलेले तुम्ही, दुसऱ्या बाजूला काळी-पांढरी विलायती गाय, मधोमध सोनेरी अक्षरांत 'स्पेशालिस्ट'. गाय बाहेरगावची दिसते. एवढं हिरवंगार गवत मे महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याच गायीच्या पायाखाली नसतं. खाली ओळ आहे, 'गाय वारंवार उलटते? चिंता सोडा!' आम्ही सोडली. तिच्याबरोबर आणखी काय सोडावं लागलं, ते पुढे सांगतो. आधी सत्कार, मग तक्रार, ही आपल्याकडची रीत.

पारावर काही मंडळी तुम्हाला बोगस म्हणतात. मी त्यांना तिथल्या तिथे गप्प करतो. बोगस तो, जो मोटारसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधून फिरतो आणि रेतनाच्या जोडीला सलाईनही लावतो. त्याच्यासाठी १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. नोंदणी नसलेल्या माणसाने पशुवैद्यकाचा धंदा करू नये, असं तो सांगतो. पदविकाधारकांना राज्य सरकारच्या परवानगीने किरकोळ सेवा देता येतात, पण नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. नोंदणी नसताना ती असल्याचं भासवणाऱ्याला त्या कायद्याने पहिल्या खेपेला जास्तीत जास्त ५०० रुपये दंड लिहून ठेवला. चार गायी भरवल्या की दंड फिटला आणि वर चहापाण्याचे उरले.

तुमचं तसं नाही. तुमच्याकडे बी.व्ही.एस्सी. आहे. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं तुम्ही खरोखर घासली आहेत. राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांकही आहे, फक्त तो फ्लेक्सवर दुर्बीण लावून शोधावा लागतो. म्हणून तुमची प्रगती पाहून थक्क व्हायला होतं. डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं, आणि स्पेशालिस्ट व्हायला शनिवार-रविवार, दोन्ही दिवसांच्या जेवणासह!

तुमच्या दवाखान्यातलं ते फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मी जवळून वाचलं आहे. तुम्ही आत हात धुवायला गेला होतात. महिरपी किनार, दोन समया, संघटनेचं बोधचिन्ह, अध्यक्ष आणि सचिव अशा दोघांच्या सह्या. मजकूर असा, की डॉक्टरांनी प्रजनन व्यवस्थापनावरील दोन दिवसीय कार्यशाळेत 'सक्रिय सहभाग' घेतला. बस्स. 'तज्ज्ञ' हा शब्द त्यात कुठेही नाही. संघटनेने दिला सहभाग, आणि फ्लेक्सवाल्याने केलं तज्ज्ञ. दीक्षांत समारंभ झेरॉक्सच्या दुकानात झाला.

आता आमच्या गायीकडे येऊ. रेतन करून अडीच-तीन महिने झाले होते आणि मधेच तिने माजाची लक्षणं दाखवली. हंबरली, दावणीला अस्वस्थ झाली. आम्ही समजलो, उलटली. तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात, गायीकडे एकदा आणि मोबाईलकडे तीनदा पाहिलंत आणि म्हणालात, "मालक, एका सुईत काम." हाताला खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून, शेणाच्या वाटेने हात घालून गर्भाशय चाचपणं, ही या विषयातली बाराखडी. तो मोजा तुमच्या बॅगेत होता. पाकीट फोडलेलं नव्हतं.

तुम्ही दिलेलं इंजेक्शन संप्रेरकाचं होतं. बीजांडावरचं जे पीतपिंड गाभ धरून ठेवतं, तेच हे इंजेक्शन विरघळवतं. गाय रिकामी असेल तर चार दिवसांत माजावर येते. गाभण असेल तर गाभडते. गाभण गायसुद्धा कधीकधी माज दाखवते, हे तुमच्या पहिल्या नाही तरी शेवटच्या वर्षाच्या पुस्तकात असणारच. डब्यातल्या माहितीपत्रकात तर बारीक अक्षरांत लिहिलंच होतं, की गाभण जनावराला देऊ नये. त्याखाली असंही होतं, की गरोदर बाईने आणि दम्याच्या माणसाने या औषधाला हात लावू नये. भरलेली सिरिंज धरायला तुम्ही दिलीत ती आमच्या वडिलांकडे. त्यांचा दम्याचा पंप सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता.

मग काही दिवसांनी गोठा झाडताना शेणात वीतभर वासरू सापडलं. चारही पाय झालेले, खुरांची सुरुवात झालेली, अंगावर केस नाही. गाय अजून हिंडते-फिरते आहे, पण तिचं वेत गेलं, आणि पुन्हा गाभण राहून विण्यापर्यंतचा चारा, पेंड, पाणी आमच्या अंगावर पडलं. फोन केल्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात, "गर्भच कमजोर असेल." स्पेशालिस्ट असण्याचा हा मोठा फायदा. साध्या डॉक्टरची चूक होते, स्पेशालिस्टच्या हातून गर्भ कमजोर निघतो.

आता बारीकशी शंका. साहेब, तुमची परीक्षा कोणी घेतली?

विचारायचं कारण, जगात इतरत्र हे लोक फार खडूस आहेत. इंग्लंडात पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजला १८४४ साली सनद मिळाली. तिथे स्पेशालिस्टांची वेगळी यादी आहे, त्यात नाव नसताना कोणी स्वतःला तसं म्हणवून घेत नाही, आणि नाव लागलं तरी पाच वर्षांनी पुन्हा सिद्ध करावं लागतं. अमेरिकेत तुमच्याच विषयाचं, म्हणजे जनावरांच्या प्रजननाचं, स्वतंत्र कॉलेज १९७१ पासून आहे. त्याची इमारत नाही, वर्ग नाहीत; तज्ज्ञांनी तज्ज्ञ पारखायचं ते मंडळ. पदवीनंतर जाणत्याच्या हाताखाली काही वर्षं काम, हाताळलेल्या केसेसच्या नोंदी, मग परीक्षा. नापास करतात हो तिथे! चक्क पदवीधर डॉक्टरला नापास! आपल्याकडे असं केलं तर संघटनेच्या पुढच्या निवडणुकीत पॅनेल पडेल.

आणि खरी मेख तिथेच आहे. हे पत्र तुमच्या नावे असलं तरी त्याची एक प्रत तुमच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना जाते आहे. जो अध्यक्ष प्रमाणपत्रावर सही करतो, तोच त्या प्रमाणपत्रवाल्याच्या मतावर निवडून येतो. नापास झालेला सभासद मत देत नाही, पुढची वर्गणीही भरत नाही. कार्यशाळेचा हॉल, पिशवी, पेन आणि गुलाबजाम औषध कंपनीचे असतात. तुमच्या त्या पिशवीवर ज्या इंजेक्शनचं नाव छापलं होतं, तेच आमच्या गायीला टोचलं गेलं. योगायोगावर माझी श्रद्धा आहे. अशा घरात परीक्षा घेणार कोण आणि नापास करणार कोण? म्हणून सगळे पास. सगळेच स्पेशालिस्ट असले, की साधा डॉक्टर शोधायला मात्र जाहिरात द्यावी लागेल.

तुम्ही म्हणाल, कायद्यात कुठे अडवलंय? बरोबर. १९८४ च्या कायद्याने पशुवैद्यक कोण, हे ठरवलं. परिषदेच्या नोंदवहीत नाव असतं, पदवी असते, जादा पदवीही चढवता येते. पण 'स्पेशालिस्ट' नावाचा वेगळा रकाना त्या कायद्याने काढला नाही. एम.व्ही.एस्सी. केलेला माणूस निदान सांगू शकतो, की मी पदवीनंतर दोन वर्षं याच विषयात घालवली, प्रबंध लिहिला, बाहेरच्या परीक्षकापुढे उभा राहिलो. आपल्याला जवळचं परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आहे. तिथून असं शिकून आलेल्या मुलाच्या पाटीवर काय असतं? नाव, पदवी, क्रमांक. एवढ्याशा पाटीने कोण थांबणार? लोक तुमच्या दारात रांग लावतात. कायद्याने मोकळी ठेवलेली जागा ज्याचा फ्लेक्स मोठा, त्याची झाली.

साहेब, तुम्ही जालन्यात राहता. हे बियाण्याचं गाव आहे. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली, १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार घेतला. इथल्या शेतकऱ्याला टॅगचे रंग विचारा, झोपेतून उठून सांगेल. पैदासकार बियाण्याला पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा, आणि ज्याची हमी कंपनी स्वतःच देते त्या सत्यप्रत बियाण्याला हिरवा. निळा टॅग हवा असेल तर बाहेरची यंत्रणा शेतात येऊन पीक पाहते, प्रयोगशाळा उगवण पाहते, मग टॅग शिवला जातो. हिरवा टॅग हा गुन्हा नाही. चांगल्या कंपनीचं हिरव्या टॅगचं बियाणंही उत्तम उगवतं. पण हिरव्या टॅगवर निळा रंग मारला तर ती फसवणूक. तुमचं नेमकं काय झालंय, ते या रंगांत समजून घ्या.

फार लांब कशाला, तुमच्या कॅनमधली रेतनाची कांडी काढून पाहा. काडीपेक्षा थोडी जाड, पण तिच्यावर वळूचा क्रमांक, जात, केंद्र, तारीख, सगळं छापलेलं असतं. वळू कुठला, हे आम्हाला कळतं. कांडी धरणारा कुठे शिकला आणि कोणी पारखला, हे मात्र विचारायचं नाही. आपल्या व्यवस्थेत बैलाची ओळख डॉक्टरच्या ओळखीपेक्षा पक्की आहे.

तुमची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल पत्र एकतर्फी आहे. रात्री दोन वाजता गाय अडली की तुम्ही येता. सरकारी दवाखान्यात कधी डॉक्टर नसतो, कधी असून तीन गावांच्या लसीकरणात अडकलेला असतो; १९६२ या क्रमांकावर फोन लावला तरी फिरतं पथक एक आणि गावं बरीच. वार अडकली, पोट फुगलं, कॅल्शियम कमी होऊन गाय बसली, तर तुमच्याशिवाय आधार नाही. बसलेल्या गायीच्या शिरेत कॅल्शियम थेंबथेंब सोडताना छातीला नळी लावून ठोके ऐकत बसलेले तुम्ही मी पाहिले आहेत. घाई केली तर हृदय बंद पडतं, हे तुम्हाला माहीत होतं. त्या रात्री तुमच्या कोटावर स्पेशालिस्ट लिहिलेलं नव्हतं, आणि आम्हाला तुमचा अभिमान वाटला होता. त्या डॉक्टरवर विश्वास होता म्हणून तर या स्पेशालिस्टला गोठ्यात घेतलं.

तेव्हा विनंती अशी. फ्लेक्सवर नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक लिहा, क्रमांक चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा. विशेष शिक्षण असेल तर कुठे, किती काळ आणि परीक्षा कोणी घेतली, तेही लिहा. कार्यशाळेला गेला असाल तर 'कार्यशाळेला गेलो होतो' असं अभिमानाने लिहा. शिकायला जाणं काही वाईट नाही. आणि पावती देत चला. बियाणं उगवलं नाही तर शेतकरी पिशवी, टॅग आणि बिल घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे जातो. आम्ही तुमच्याविरुद्ध परिषदेकडे जायचं ठरवलं तर हातात फक्त रिकामी बाटली आहे.

पदाधिकाऱ्यांना विनंती, की निवडून येणारे आणि परीक्षा घेणारे वेगळे ठेवा. परीक्षकांत विद्यापीठाचा माणूस असू द्या, दुसऱ्या जिल्ह्याचा असू द्या, औषध कंपनीचा नको. केसेसची नोंदवही तपासा. दर पाच वर्षांनी पुन्हा विचारा, की अजून येतंय का. चूक झाली तर बिरुद काढून घेण्याची सोय ठेवा आणि तुमच्या तज्ज्ञांची यादी पंचायत समितीच्या भिंतीवर लावा. तोवर सहभागाच्या कागदावर ठळक छापा, की हे तज्ज्ञतेचं प्रमाणपत्र नव्हे. शाई थोडी जास्त लागेल, पण तेवढी औषध कंपनी देईल.

कळावे, लोभ असावा, आणि पुढच्या वेळी मोजा घालावा.

आपला,
एक गोपालक

ता. क. : आमच्या गावातल्या कॅनवाल्या पोराने तुमचा फ्लेक्स पाहून त्याच दुकानात स्वतःचाही छापायला टाकला आहे. त्याच्याकडे पदवी नाही, पण दुकानदाराने विचारलीही नाही. तुमच्या वरताण हवं म्हणून त्याने 'सुपर स्पेशालिस्ट' घेतलं. दर तोच पडला, चौरस फुटावर.