वळतेकाका

वळतेकाकांना ओळखत नाही असा माणूस निदान पुण्या-ठाण्यात तरी नसावा. सोसायटीच्या गणपतीला प्रसादाचा मोदक हातात आला की जे आधी मोदकाकडे आणि मग आढ्याकडे बघतात, ते वळतेकाका. "तांदळाची उकड, म्हणजे धान्य एक. सकाळी एक पोळी कमी खाल्ली होती, ती यात वळती." आणि सारण? "खोबरं स्निग्ध गटातलं. काल कोशिंबिरीला फोडणी नव्हती, ती यात वळती." गुळापाशी काका जरा अडखळतात, कारण त्यांच्या कागदावर गुळाला घर नाही. पण तोवर मोदक संपलेला असतो, आणि पोटात गेलेल्या प्रसादाचा हिशेब मागणं आपल्याकडे बरं दिसत नाही. बँकेत नोकरी केलेली असो वा नसो, 'वळतं करून घेणं' हा खातेवहीतला शब्द त्यांनी जेवणाच्या पानात आणून ठेवला आहे आणि तो तिथून उठायला तयार नाही.

त्यांच्या हातातला कागद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आहारतज्ज्ञ ज्याला 'एक्स्चेंज' म्हणतात ती पद्धत १९५० साली अमेरिकेत मधुमेहींसाठी निघाली. तिथली मधुमेह संघटना, आहारतज्ज्ञांची संघटना आणि सरकारचं सार्वजनिक आरोग्य खातं यांनी मिळून दूध, भाजी, फळ, धान्य, मांस आणि स्निग्ध अशा सहा याद्या केल्या. एका यादीतले पदार्थ ठरावीक मापात साधारण सारखे, म्हणून एकाच्या जागी दुसरा चालतो. धान्याच्या एका हिश्श्यात १५ ग्रॅम कर्बोदकं, ३ ग्रॅम प्रथिनं आणि ८० कॅलरी. मग तो पावाचा एक काप असो, सहा इंची पातळ पोळी असो की एकतृतीयांश कप शिजलेला भात. फळाचा हिस्सा ६० कॅलरींचा, भाजीचा २५, आणि तेलाचा एक छोटा चमचा ४५. कुठल्या गटातले किती हिस्से हे सकाळीच ठरलं की दिवसाची बेरीज आपोआप ठरते, म्हणून वजन उतरवायलाही हीच पद्धत वापरतात. यात भाताला बंदी नाही की पुरणपोळीला सुतक नाही. दुधीच्या रसावर महिना काढायला सांगणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

अडचण अशी की अदलाबदल करायला मराठी माणसाला अमेरिकेने शिकवावं लागत नाही. गहू-तांदूळ बाजूला ठेवून साबुदाणा, वरी, बटाटा आणि दाणे घ्यायचे, ही उपवासाची यादी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण काही उगीच पडली नाही. काकांच्या कागदावर साबुदाणा धान्यात, बटाटाही धान्यातच, आणि दाण्याचं कूट व तूप स्निग्ध गटात. दहा दाण्यांचा एक हिस्सा धरला तर खिचडीतल्या मूठभर कुटात तीन तरी हिस्से निघतात. पण काका हा सगळा ऐवज 'उपवास' या एकाच रकान्यात जमा करतात आणि रात्रीचं जेवण त्यात वळतं करतात. म्हणजे कागद नवा आला तरी हात जुनाच राहिला. मूळ पद्धतीत अदलाबदल एकाच यादीत करायची असते, हा त्यातला कडक नियम. काकांच्या हातात ती आधी गटागटांत झाली, मग दिवसादिवसांत ("उद्याचं दूध आजच्या बासुंदीत वळतं") आणि शेवटी माणसामाणसांत: "हिला श्रीखंड आवडत नाही, तिच्या वाट्याचं माझ्यात वळतं."

यावर कुणी म्हणेल, कॅलरी ती कॅलरी. बेरीज जमली की झालं, गटांची सोवळीओवळी कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही, कारण वजनाचा काटा बऱ्याच अंशी बेरजेवरच हलतो. पण काका बेरीज करतात कुठे? ते एकास एक देतात. भाजीचा २५चा हिस्सा सोडून धान्याचा ८०चा घेतला की खात्यात ५५ वाढले. दिवसातून तीनदा केलं की १६५, आणि आठवड्याला अकराशेच्या वर. शिवाय उसळ किंवा अंडं सोडून त्या जागी भात घेतला तर प्रथिनं हातची गेली. खाणं कमी झालेल्या शरीराला ती जास्तच लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. राहिली वाटी. काकांची धान्याची वाटी म्हणजे आमटीची वाटी, आणि ती शीग लावून भरलेली. अशा वाटीत हिस्सा एक नसतो, तीन असतात.

मग अशा माणसाची थट्टा का करावी, तो बिचारा प्रयत्न तर करतोय, हा दुसरा आक्षेप. तो मान्य करावा लागतो, जरा नाइलाजानेच. काकांचं वजन तीन वर्षांत जागचं हललेलं नाही, हे खरं. पण त्यांची वही उघडून बघावी. कोजागरीचं मसाला दूध, संक्रांतीची गुळाची पोळी, शेजारून झाकून आलेली अळूची वाटी, सगळं तारीखवार. घरात रोज काय शिजलं याची नोंद ठेवणारा माणूस त्या घरात आजवर झाला नव्हता. ज्या गृहस्थाने चाळीस वर्षं वर्तमानपत्रात डोकं घालून समोर येईल ते गिळलं आणि स्वयंपाकघराशी ज्याचं संभाषण 'मीठ कमी आहे' यापुढे गेलं नाही, तो आता पानावर बसल्यावर विचारतो, "यात काय काय घातलंय?" हा प्रश्न त्याने वजनासाठी विचारला, कौतुकाने नव्हे, हे कळण्याइतकं घर हुशार असतं. तरी उत्तर मिळतं. डाळ कुठली, कूट किती, गूळ घातलाय की साखर, हे आतून सांगितलं जातं आणि बाहेर लिहून घेतलं जातं. चाळीस वर्षांचं न बोललेलं त्यात वळतं होत नाही. तसली यादी कुणी केलेली नाही. वहीत एक रकाना मात्र अजून कोरा आहे. "तेल किती चमचे?" या प्रश्नाला आतून रोज एकच उत्तर येतं: "अंदाजाने."